पडायचा पगार

परळपासून गिरगावपर्यंत माझ्या तोडीचा मिडफिल्डर नव्हता. पडण्यात.

खेळण्यात होते भरपूर. पण पडावं तर मी. कंपनीच्या मोठ्या साहेबांचा बूट माझ्यापासून हातभर लांब असला तरी मी असा पडायचो की बघणाऱ्याला वाटावं, ट्रकने उडवला. कोलांटी, हवेत पाय, तोंडात गवत. लोकं हसून खुर्च्यांवरून पडायची.

आमच्या कंपनीची फुटबॉल टीम आहे. मी मधे खेळायचो. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात, गोलीच्या गळ्यात हार घालतात. मधला नुसता पळतो. याच्याकडून घ्यायचा, त्याला द्यायचा. पोस्टमन समजा. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी ऑफिसात फायली या टेबलावरून त्या टेबलावर. तिथंपण मिडफिल्डरच. नववी नापास माणसाला कंपनीने पाय बघून घेतलं. आणि दरवर्षी कॉन्ट्रॅक्ट पुढे न्यायचं की नाय, ते मोठे साहेब ठरवणार.

मोठे साहेब दादरचे. आजोबांपासून शिवाजी पार्कात. बोलणं एकदम स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखं. कंपनीचा वार्षिक दिवस असतो, त्या दिवशी ऑफिसर लोकांची आमच्या टीमबरोबर मॅच. मोठे साहेब फॉरवर्ड. पोट आधी येतं, बॉल नंतर. साहेब आले की आम्ही बाजूला व्हायचं, साहेबांनी गोल मारायचा, मग जेवण. असं कोण सांगत नाय. सगळ्यांना माहीत असतं.

गेल्या वर्षी घरच्यांनापण बोलावलं होतं. मी आईला घेऊन गेलो. तिने लोकांचे डबे करून मला वाढवलं, पण माझा खेळ कधी बघितला नव्हता. दुपारची वेळ तिची चुलीपुढेच गेली. त्या दिवशी गणपतीला नेसते ती साडी नेसली. पिशवीत बाम घेतला. म्हटलं कशाला, तर म्हणाली, असूंदे.

साहेब आले. मी पडलो. मस्त पडलो. हशा झाला. मी डोळे मिटून पडून राहिलो, कारण जरा जास्त पडून राहिलं की दुसरा हशा मिळतो. मिळालापण. मोठा मिळाला. डोळे उघडले तर समोर आईचे पाय. चपला हातात. ती लाइन ओलांडून मैदानात आली होती. गवतावर बसली, माझा मोजा खाली केला आणि नडगीला बाम चोळायला लागली.

"झिला, खंय लागला?"

लागलं कुठंच नव्हतं.

साहेब गोल मारून परत येत होते. थांबले. खूप प्रेमाने म्हणाले, "अहो मावशी, काळजी करू नका. पडण्याचाच तर पगार आहे त्याला."

लोकं हसली. मीपण हसलो. त्या बाईचे हात माझ्या नडगीवर, आणि मी हसलो.

आईने बामचं झाकण लावलं. उठली. बसमध्ये माझं तिकीट तिनेच काढलं. कोणीतरी व्हिडिओ काढला होता, तो ऑफिसच्या ग्रुपवर आला. आई बाम चोळतेय, मी दात काढतोय. सगळ्यांनी खाली हसरे चेहरे टाकले. मीपण टाकला एक.

साहेबांना एकट्याला काय बोलणार. पडायची आयडिया माझीच. बाकीचे नुसते बाजूला व्हायचे. मला वाटलं, बाजूला होण्यात काय मजा. पडलो. साहेब खूश. कॉन्ट्रॅक्ट पुढे गेलं. मग एका वर्षी अंगात कणकण होती, नुसता बाजूला झालो. साहेबांनी विचारलं, "आज तब्येत बरी नाही का?" त्या वर्षी माझा कागद दिवाळीपर्यंत लटकला. पुढच्या वर्षी मी दोन कोलांट्या मारल्या.

गंमत म्हणजे पडणं मी कंपनीतच शिकलो. लहानपणी आम्ही दोन चाळींच्या मधल्या फरशीवर खेळायचो. गवत कुठलं. पडलास की गुडघा फुटला, आणि वर घरी मार. म्हणून धक्का बसला, कोणी सायकल आडवी घातली, तरी उभं राहायचं. कंपनीच्या कोचने मला बघितलं तेव्हा एवढंच म्हटला होता, "हा पोरगा पडत नाय." त्याच्यावर नोकरी लागली माझी.

गेल्या वर्षी त्या वार्षिक दिवसानंतर लीगची मॅच होती. खरी. समोरच्या टीमचा एक पोरगा बॉल घेऊन सरळ माझ्यावर आला. मला फक्त पाय घालायचा होता. गुडघा आपोआप वाकला. मी पडलो. त्याने हातपण लावला नव्हता. तो माझ्या बाजूने गेला आणि गोल मारून आला.

हाफटाइमला कोचने शिवी दिली नाय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुला आता प्रत्येकात साहेब दिसतो," एवढंच बोलला आणि बाटली दुसऱ्याला दिली.

मला वाटायचं मी साहेबांना बनवतोय. एक दिवस पडायचं, बाकी वर्ष उभं राहायचं. पण पाय काय माझ्याकडे राहिले नव्हते. ते साहेबांकडे कामाला लागले होते. माझ्यापेक्षा पक्के.

या वर्षी आईला विचारलं, येतेस का? म्हणाली, "मी येवचंय नाय." मैदानात साहेबांनी विचारलं, "आज मावशी नाही आल्या?" मी म्हटलं, नाय. ते म्हणाले, "अरेरे, मजा आली असती."

साहेब बॉल घेऊन आले. पोट आधी. आमचे बाकीचे बाजूला झाले. खुर्च्यांमधे हसायला आधीच सुरुवात. फोन वर. माझे गुडघे वाकायला लागले, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, खाली फरशी आहे. फरशी आहे. फुटशील.

पाय घातला. बॉल घेतला.

साहेब पुढे गेले, बॉल माझ्याकडे राहिला. त्यांना ते जरा उशिरा कळलं. वळायला गेले आणि घसरून बसले. गवतावर. मी लांब होतो. बॉल मागे कॅप्टनला देऊन टाकला.

कोण हसलं नाय. फोन खाली गेले.

"हे काय केलंस तू?"

"बॉल घेतला, साहेब. माझं कामच आहे ते."

एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली. आणि आवाज कसा, तर बकरीसारखा.

कॅप्टन जवळ येऊन कानात बोलला, "सॉरी बोल ना यार. आमचीपण कॉन्ट्रॅक्टं आहेत." त्याचं बरोबर होतं. मी सॉरी बोललो नाय. जेवणाच्या लाइनीत माझ्या मागेपुढे मोकळी जागा. माझ्या अंगाला कुबट वास येतो का, म्हणून मी शर्ट हुंगून बघितला.

आता टीममधे नाय मी. पार्किंगमधे उभं केलंय, गाड्यांना हात दाखवायला. उभं केलंय, हे एक बरं. माझा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. विचारलं की बघू म्हणतात. दुसरी टीम या वयात घेणार नाय, दुसरं काम मला येत नाय. रोज सकाळी साहेबांची गाडी येते. काच खाली करून ते हसून बघतात. वाट बघतायत. मीच एकदा पाय धरीन म्हणून.

काल आईला सगळं सांगितलं. ती सुकट निवडत बसली होती. मी पुढ्यात उभा राहिलो, छाती काढून. म्हटलं, "आई, आता मी पडणार नाय. कोणाच्या पुढ्यात नाय. कागद फाडला, हाकलला, तरी नाय. पाय माझे आहेत."

मला वाटलं, डोळ्यांना पदर लावेल. निदान दृष्ट काढेल.

तिने मान वर केली नाय. "बॉल घेतलंस, मगे कोणाक दिलंस?"

"पाठी. कॅप्टनला."

"आनि फुडे कोण होतो?"

"कोण नाय. गोली एकटा. तोपण अकाउंटचा साहेब, चष्मा सांभाळत उभा."

आईने सुकटीतला खडा उचलून बाजूला टाकला.

"मगे अर्धोच उठलंस, झिला."