आकाराम पैलवानाने बंद पाडलेलं चित्र

आकाराम पैलवानाला लाज ठाऊक नाही, असं आम्ही कसबा बावड्यातले त्याचे मित्र खात्रीने सांगायचो. माणूस पन्नाशी ओलांडून गेला, पोटाने छातीला कधीच चीतपट केलं, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तरुणपणीचा, लंगोटातला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही तोच. फ्लेक्स चौकात महिनाभर फडफडायचा, खालून पोरीबाळी शाळेला जायच्या. कुणाचं काही बिघडत नसे.

त्या दिवशी सकाळी तालमीच्या ग्रुपवर एक चित्र आलं. न्हाणीत बसलेली उघडी बाई. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘बावड्यातल्याच कुणीतरी नेटवर टाकलंय.’ आकाराम म्हशीची धार काढत होता, चष्मा घरात. उघडं अंग दिसलं, तेवढं त्याला पुरलं. दुधाच्या हातानेच त्याने आवाजी निरोप सोडला, “गड्यांनो, बावड्याची अब्रू हाय ही! सगळ्यांनी रिपोर्ट मारा. चुकला त्यो तालमीचा न्हाय!”

तालीमच ती. एकाने शड्डू ठोकला की सगळे ठोकतात. दुपारी चित्र गेलं, संध्याकाळी ते टाकणाऱ्याचं अख्खं खातंच बंद झालं. ग्रुपवर दंडाच्या बेटकुळ्या उड्या मारू लागल्या.

जेवायला त्याची चित्रकार लेक संयोगिता ताटावर बसेना.

“माझं खातं बंद केलंय, आण्णा. पुण्याचे प्रदर्शनवाले त्यावरच चित्रं बघणार होते. कुणीतरी ढिगानं तक्रारी केल्यात.”

“कसल्या चित्रावरनं?” आकारामचा घास हातातच राहिला.

“आईच्या.”

“मीच म्हटलं, काढ,” भाकरी थापत चिमणाबाई म्हणाली. “ऑपरेशननंतर मी कशी दिसतीया, मला तरी बघू दे.”

त्या ऑपरेशनात तिचा एक स्तन काढला होता. तेव्हापासून पैलवान अंथरूण घेऊन बाहेरच्या सोप्यात झोपायचा. ‘तिला आराम पडावा म्हणून,’ असं आम्हाला सांगायचा.

“रिपोर्ट मारायला मीच सांगितलं,” तो ताटाकडे बघत म्हणाला.

चिमणाबाईचा हात थांबला. “सकाळी गोठ्यातनं बोंबलत हुतासा, ते माझ्याच नावानं व्हय?”

“बाई उघडी दिसली, म्हणून...”

“मग वळखली कशी न्हाय?”

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पुन्हा त्याचा आवाज आला. “गड्यांनो, चूक झाली. ते चित्र माझ्या लेकीनं काढलंय. बाई माझी मालकीण हाय. रिपोर्ट मागं घ्या.” रिपोर्ट मागे घेता येत नाही, हे त्याला कोण सांगणार? फुलांच्या गुच्छाशिवाय ज्याची सकाळ होत नाही, तो ग्रुप गप्प बसला. खातं उघडलं नाही. प्रदर्शनवाल्यांनी दुसरी चित्रं निवडली.

मूळ कागद संयोगिताने भिंतीला टेकवून ठेवला होता. आकारामने चष्मा लावला.

“उजेडात बगा,” म्हणत चिमणाबाईने दार सताड उघडलं.

चित्रातली बाई टाक्यांसकट सरळ त्याच्याकडे बघत होती. मान त्यालाच खाली घालावी लागली.

संध्याकाळी त्याने सोप्यातलं अंथरूण गुंडाळलं, आणि ते काखेत धरून आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत येऊ का, एवढं विचारायचीसुद्धा त्याला लाज वाटत होती.