रेवडीच्या पुढची कुस्ती

विंचूरच्या कांदा बाजारात सोमा आमच्या टोळीत हमाल होता. भिल्ल वस्तीवरचा. पोतं उचलताना तो गुडघ्यातून उठायचा, कमरेतून नाही. जोर वाया घालवणारा माणूस टोळीला दोन खेपांत कळतो. सोमाचा जोर वाया जात नव्हता.

त्याच्या गावात तालीम होती. भिल्लांना आत घेत नसत. त्यानं कालव्याच्या कडेला कुस्तीचा हौद स्वतः खणला, माती चाळून तिच्यात हळद आणि ताक कालवलं. एकट्यानं डाव बसत नाही, म्हणून बाजार सुटला की आम्ही आळीपाळीनं जाऊन त्याच्याकडून आपटून घ्यायचो.

गावच्या जत्रेत भिल्लांची कुस्ती फक्त रेवडीवर लागायची. ती खरं तर पोरासोरांची. जिंकला त्याला मूठभर रेवडी. शेवटची कुस्ती नारळाची. तिला आजवर एकही भिल्ल उतरला नव्हता. शहाण्णव साली सोमानं उतरायचं ठरवलं.

जत्रेच्या सकाळी पंच वाल्मीकअण्णा वस्तीवर आले. खाट टाकली तरी बसले नाहीत. सोमाच्या आईला म्हणाले, "रंगूबाई, तुमची घरं गायरानात हायेत."

"ती मी बी रोज बघते, अण्णा."

"मंग बघत ऱ्हा. पोरगं पडलं तर बरं होईल."

सोमा दारातच लंगोट वाळत घालत होता.

दुपारी कोंडाजीनं नारळ उचलून शेवटच्या कुस्तीचं आव्हान दिलं. तो तालमीचा पहिलवान, अण्णांचा पुतण्या. सोमा आखाड्यात उतरला तसे लोक हसले.

"ए सोमा, रेवडी संपली रे!"

"संपू द्या. लय गोड झालं," सोमा म्हणाला.

कुस्तीआधी एकमेकांच्या हातात माती द्यायची रीत आहे. कोंडाजीनं ती वरून टाकली, हात न लागू देता. हलगी सुरू झाली. हसू थांबलं.

सोमानं घाई केली नाही. कोंडाजीला ढकलू दिलं, दमू दिलं. मग खाली घेतला, वळवला आणि छातीवर बसला.

"बरोबरी. सोडा," अण्णा लांबूनच म्हणाले.

सोमानं सोडलं नाही. काठ्या घेतलेले चौघे आखाड्याच्या कडेला येऊन उभे राहिले. हलगीवाल्याला कोणीतरी खूण केली. हलगी बंद पडली.

"सोमा, ऊठ."

"अण्णा, पाठीखाली हात घालून बघा. तसं बघायचंच असतंय."

खाली कोंडाजी धडपडत होता. सोमाच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. पकड तसूभर ढिली झाली असती तर कुस्ती बरोबरीतच गेली असती. ती झाली नाही. शेवटी अण्णांना वाकावं लागलं. त्यांनी हात घालून पाहिला. बोटंसुद्धा आत गेली नाहीत.

"चितपट," ते म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

फेटा कोणी बांधला नाही, खांद्यावर कोणी घेतलं नाही. गर्दीनं एक माणूस जाईल एवढीच वाट दिली. आम्ही दोघं-तिघं हमाल त्याच्यामागून चाललो. काठ्यावाले आमच्या मागून.

रंगूबाईनं भांडी, गोधड्या घराबाहेर काढून ठेवल्या होत्या.

"काय म्हनले अण्णा?"

"चितपट म्हनले."

"समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं."

ती छपराकडे गेली. गावाच्या बाजूनं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मंग त्या अंगानं धर," ती म्हणाली, "पत्रे तरी शाबूत काढू."