चुन्यावर लिंबू

सन १९९८. मी एकसष्ट वर्षांचा होतो. त्या माघात आमच्या गुऱ्हाळावर जे झालं ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही — पोरापाशी नाही, देवापाशीही नाही. तुम्ही म्हणाल, देवाला काय सांगायचं, त्याला ठाऊकच असतं. असेल. पण माझ्या तोंडून त्यानं ऐकलेलं नाही.

मी गुळव्या. शाळा दुसरीपर्यंत. पण भांडगावापासून दौंडपर्यंत कुणाचा गूळ बिघडला की माणसं मलाच बोलवायला यायची. उसाचा रस जातीचाच आंबट — जिभेला गोड लागला तरी आत आंबट. तो आंबटपणा मारायला, काहिलीत रस उकळत असताना, चुन्याची निवळी म्हणजे वरचं नितळ पाणी घालायचं. कमी पडली तर गूळ बसत नाही, जास्त पडली तर काळा पडतो. किती घालायची? ते माझी जीभ सांगायची. चाळीस वर्षांत ती कधी चुकली नाही. चुकली तर मी म्हणायचो, ऊसच वाईट होता.

सून मंगल शिरूरची, बारावी सायन्स. लग्न होऊन आली त्याच वर्षी माहेराहून कागदाच्या पट्ट्या घेऊन आली, निळ्या आन् तांबड्या. निळी रसात बुडवली, तांबडी झाली. तांबडी चुन्याच्या पाण्यात बुडवली, निळी झाली. "मामा, हे आम्ल आन् हे आम्लारी. दोन्ही एकमेकाला मारत्यात. तुम्ही रोज तेच तर करताय!" तिला वाटलं मी खूश होईन. एक गडी म्हणाला, "आप्पा, आता तुमची जीभ पेन्शनीत!" सगळे हसले. मीही हसलो — पण लागलं ते लागलंच. पट्ट्यांची डबी तिनं गुऱ्हाळाच्या छपराच्या वाशात खोचून ठेवली. मी त्या डबीला हात लावला नाही.

हे सगळं कशाला सांगतोय? डोळ्यापाशी यायचं टाळतोय, दुसरं काय.

तर डोळा. माझी कारभारीण, हौसा, चुनकळी विरवत होती. डब्यात खडे, वरून पाणी — रोजचंच काम. त्या दिवशी चुना भसकन उसळला आन् तिच्या उजव्या डोळ्यात गेला. गडी फडात होते, इंजिन धडधडत होतं. तिथं आम्ही तिघंच. मंगल घागर घेऊन धावली. "पाणी, मामा! नुसतं पाणी! ओतत ऱ्हावा!"

पाणी काय, कुणीही ओततं. मग गुळव्या कशाला? हेच आलं माझ्या मनात. रस प्यायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली लिंबं समोरच होती. मी एक कापलं. मंगलनं माझा हात धरला. "काहिलीत चालतं मामा, डोळ्यात न्हाई!" मी ओरडलो, "तूच म्हणालीस ना, आंबट चुन्याला मारतं म्हणून? मग धर तिचा डोळा उघडा!"

सासऱ्याला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. तिनं धरला. मी पिळलं.

मग मंगलनं मला ढकललं — खरंच ढकललं — आन् घागरीवर घागर रिकामी केली. उशीर झाला होता.

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर तडकले. चुना तर चुना, त्यात लिंबू कुणी पिळलं? ताबडतोब पाणी ओतलं असतं तर डोळा वाचला असता. मी म्हणालो — सुनेनं. शिकलेली आहे, तिला वाटलं आम्ल आम्लारीला मारतं. तिचेच शब्द तिच्यावर फिरवले. ती माझ्या शेजारीच उभी होती. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. बोलली असती तरी नव्या सुनेचं कुणी ऐकलं असतं?

हौसानं ते खरं धरलं. का नाही धरणार? डोळ्याच्या आगीत आन् इंजिनाच्या धडधडीत आमचं बोलणं तिला ऐकूच गेलं नव्हतं. तिच्या पापण्यांवर हात होता तो बांगड्यांचा होता. डोळा पांढरा पडला. पुढं अकरा वर्षं तिनं मंगलच्या हातून चहाचा कप घेतला नाही — "खाली ठेव" म्हणायची. "हिच्या सायन्सनं माझा डोळा आंबवला," हे जेवताना रोज. मी काय करायचो? भाकरी मोडायचो.

एकदा काहील घासता घासता मंगल म्हणाली, "मी न्हाई सांगायची, मामा. तुमच्या तोंडून निघंल तवाच ते खरं." तुम्हाला वाटेल, वाट मोकळी झाली. कशाची? आडात पडलेल्याला दोर दिसला, पण वर यायचं तर सगळा गाव काठावर उभा. मी तळाशीच बसलो. त्याच घरात, त्याच ताटापाशी, त्या दोघींच्या मध्ये.

हौसा गेली तेव्हाही तिच्या मनात तेच होतं. शेवटी शेवटी औषधसुद्धा सुनेच्या हातून घेईना. मीच पाजलं — त्याच हातानं.

आन् एक राहिलं. डोळा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

हौसा दवाखान्यात, तिच्यापाशी पोरगा. ऊस तोडून पडला होता म्हणून मी गुऱ्हाळावर गेलो. गडी खाली माना घालून कामाला लागले होते. मंगल त्यांची न्याहारी घेऊन आली होती, डोक्यावरची पाटी अजून उतरवली नव्हती. मी वाशातली डबी काढली, सगळ्यांदेखत उघडली, आन् पट्ट्या काहिलीखालच्या चुलवाणात टाकल्या. "हे बघा शिक्षण," म्हणालो. कुणी हसलं नाही. मग मी रसात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आन् चुना घातला.