वच्छलाचं दुखणं

नवरा पाहावा तर इंद्रभानसारखा, असं शिरपूरच्या बौद्धपुऱ्यातल्या बायका उघड म्हणत. बायको वर्षानुवर्षं खाटेवर पडलेली, आणि हा माणूस चुलीशी बसून तिच्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजवतो, तिचे केस विंचरतो, तिला आधार देऊन उन्हात आणून बसवतो. कधी आवाज चढला नाही की हात उचलला नाही. वच्छला आतून हे सगळं ऐकायची आणि पांघरूण तोंडावर ओढून घ्यायची.

त्यांची गाठ पडली ती मोठ्या दुष्काळात, तलावाच्या कामावर. वच्छला तेव्हा विशीलाही टेकली नव्हती. बाप नव्हता, आई उन्हानं खचत चाललेली, आणि त्यातच एक दिवस भरावावरून धोंडा गडगडत आला आणि हिच्या पायावर बसला. बाया ओरडल्या, मुकादम शिव्या देत पळत आला. इंद्रभान तिथंच माती वाहत होता. त्यानं हातातली टोपली टाकली, पोरीला पाठीवर घेतलं आणि भर उन्हात शिरपूरच्या दवाखान्याची वाट धरली. वाटेत ती रडायला लागली तेव्हा मान न वळवता म्हणाला, "मी हाव ना. कायले भेतं?"

पाय बरा व्हायला उन्हाळा गेला. कामावर खायला वाटलेली आपल्या वाट्याची सुकडी तो हिच्या झोपडीत आणून द्यायचा. त्याच उन्हाळ्यात तिची आई गेली. तेव्हाही तोच उभा राहिला. पाऊस लागायच्या आत विहारात पांढरं लुगडं नेसून वच्छलानं त्याच्या गळ्यात हार घातला, आणि तिला वाटलं, जगात आपल्याएवढं नशीब कोणाचं नाही.

इंद्रभान कसा घडला होता, हे तिला लग्नानंतर कळलं. तो लहान असतानाच त्याच्या आईला लकवा झाला होता. बाप दुसरीकडे राहायला निघून गेला. पोरानंच आईला भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं, ती मरेपर्यंत. माया म्हणजे काय ते त्याला उशाशी बसूनच कळलेलं. हे ऐकून वच्छलाला त्याचा जास्तच कळवळा आला. त्यात आपल्यासाठी काही वाढून ठेवलं आहे, हे तिच्या ध्यानात यायला पुष्कळ वेळ लागला.

पुढच्या साली पिकं बरी आली. वच्छलाचा पाय धड झाला, अंगात रग आली. कापूस वेचायला गेली की तिची ओळ सगळ्यांच्या पुढे. मग गावात बालवाडी निघाली आणि तिथं तिला मदतनीस म्हणून घेतलं. पोरं तिला 'बाई' म्हणू लागली. घरी आली की तिला किती सांगू नि काय सांगू असं व्हायचं. इंद्रभान "हं" म्हणायचा आणि चप्पल पायात घालून बाहेर पडायचा. विहाराच्या ओट्यावर बसायचा, जेवायच्या वेळेला यायचा, भिंतीकडे तोंड करून निजायचा.

एकदा तिनं विचारलंच. "मायं काई चुकलं का? तुमी बोलून नाई राह्यले मायासंग."

"काई नाई चुकलं," तो म्हणाला. "तुले आता कायची कमी हाये?"

तिला वाटलं, कौतुकानं म्हणतोय. पण आवाजात कौतुक नव्हतं.

त्या हिवाळ्यात तिला हिवताप आला. दातावर दात आपटायला लागले तसा इंद्रभान घराबाहेर गेलाच नाही. गोधड्या टाकल्या, तळपायाला तेल चोळलं, कण्या भरवल्या. लग्नाआधीचा तो माणूस परत आला होता. डोळ्यांत तीच माया, तोंडात तेच शब्द, "मी हाव ना." ताप उतरला त्या सकाळी तो खुरपं घेऊन निघाला, दारात थांबला आणि त्यानं विचारलं, "कसं वाटून राह्यलं?"

वच्छलाला एकदम मोकळं वाटत होतं. भूकही लागली होती. ती म्हणाली, "डोकं ठनकते अजून."

त्यानं खुरपं भिंतीला टेकवलं आणि तो तिच्या उशाशी येऊन बसला.

तिथून हे सुरू झालं. आधी महिन्यातून एखाद वेळी, मग दर आठवड्याला, मग उठायचंच राहिलं. बालवाडीतून निरोप आले, मग थांबले. तिच्या जागी दुसरी बाई लागली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, हिला हिंडतं फिरतं ठेवा. इंद्रभाननं ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर तिला हात धरून खाटेवर निजवलं. पडून पडून तिची कंबर खरंच धरली, पोटऱ्या वाळल्या, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सोंग कुठवर आणि दुखणं कुठून, हे तिचं तिलाही सांगता येईना. एवढंच कळत होतं, की तो जवळ बसला की आपण आहोत, आणि तो उठून गेला की आपण नाही.

मग शेजारच्या घरात भागिरथा आली. तिथल्या म्हातारीची लेक. नवऱ्यानं मारून हात मोडलेला, अंगावर वळ, बोलायला गेली की हुंदका. म्हातारीला तिचं करणं जमेना. इंद्रभान पहिल्या दिवशी तिला हाडवैद्याकडे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी कण्या तिच्या वाट्याच्याही शिजल्या. हळूहळू तो तिकडेच जास्त बसू लागला. वच्छलानं हाक मारली की यायचा, पाणी द्यायचा, पण जीव शेजारी अडकलेला दिसायचा. तिनं कण्हणं वाढवलं. एकदा तर खाटेवरून खाली पडली, मुद्दामच. त्यानं उचलून ठेवलं आणि तो म्हणाला, "आलोच."

एका दुपारी तिच्यानं राहवलं नाही. भिंत धरत धरत ती उठली, अंगण ओलांडलं आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. इंद्रभान भागिरथाला भरवत होता. एक घास गिळून भागिरथा रडायला लागली, तसा तो पुढे झुकून म्हणाला, "मी हाव ना. कायले भेतं?"

वच्छला आली तशी परत फिरली. पण खाटेवर गेली नाही. चूल पेटवली, पीठ काढलं, भाकरी थापायला बसली. सांजेला इंद्रभान आला तर ती परातीपुढे बसलेली.

"कायले उठली तू?" तो दचकून म्हणाला.

"मी चांगली हाव. मले काईच झालं नाई. त्या हिवतापानंतर कवाच काई झालं नव्हतं." तिला वाटलं होतं आता हा चिडेल, फसवलं म्हणेल, मारेलसुद्धा. मारलं असतं तरी तिनं सोसलं असतं.

इंद्रभान खाली बसला. "मले माईत होतं," तो म्हणाला.

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. डोकं ठनकते म्हने, अन् डोये कसे लखलखीत."

"मंग बोलले काहून नाई? चांगली धडधाकट मी खाटीवर सडत पडली, तुमाले दिसत होतं ना?"

त्यानं चुलीतला निखारा पुढे सारला. "तू पडून राह्यली म्हंजे घरात बरं वाटे मले," तो म्हणाला. त्यात लाज नव्हती, कपटही नव्हतं. पोरानं खरं सांगावं तसं त्यानं सांगितलं, आणि म्हणूनच ते वच्छलाच्या काळजाच्या पार गेलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती जळाली, तरी उलटायचं भान राहिलं नाही.

त्यानंतर ती हिंडायला लागली. कापसाच्या ओळीत सगळ्यांच्या मागे राहायची, बायका हसायच्या, पण जायची. भागिरथाचा हात जुळला तशी तीही मजुरीला लागली आणि एक दिवस भर गल्लीत इंद्रभानला म्हणाली, "भाऊ, आता येत नोको जाऊ. लोक बोलतेत." तो घरी येऊन बसला. जेवला नाही. मग वच्छलाकडे वळून त्यानं विचारलं, "अंग तर गरम नाई ना तुयं?" त्या विचारण्यात काळजी कमी आणि आशा जास्त होती. ती आशा तिला रोज दिसू लागली. शिंक आली तरी तो आशेनं मान वर करायचा.

मानोऱ्याकडे पोरांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई पाहिजे होती. तिनं दोन लुगडी बांधली. इंद्रभाननं अडवलं नाही. मोटारीपर्यंत मात्र आला आणि खिडकीशी उभा राहून म्हणाला, "तिकडं बीमार पडली तर कोन पाहीन तुले?"

त्याच्यापाशी होतं तेवढं प्रेम त्या एका वाक्यात होतं. वच्छलाचं डोकं खरोखर ठणकायला लागलं. उतरावं, त्याच्या पाठीवर मान टाकावी आणि घरी जाऊन निजावं, असं इतकं जोरानं वाटलं, की तिनं समोरच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. मोटार सुटली. मानोरा येईपर्यंत तिनं ती दांडी सोडली नाही.

गावात बोल तिलाच लागला. अशा देवमाणसाला टाकून गेली म्हणाले. ते तिच्या कानावर आलं. वसतिगृहात पहिला ताप आला तेव्हा ती एकटीच कोठीत पडून होती, आणि तोंडून त्याचंच नाव निघालं होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

दोनेक वर्षांनी गावची देवला पोहरादेवीच्या यात्रेत बांगड्या विकायला निघालेली, वाटेत भेटून गेली. इंद्रभाननं रिसोडकडची एक बाई घरात आणली होती. डोळ्यांनी अधू. तो तिला हाताला धरून विहारात आणतो, ताटातला घास कुठं आहे ते सांगतो. पुन्हा सगळा बौद्धपुरा त्याला नावाजून राहिला आहे.

वच्छला पीठ मळत होती. "तिले काईच दिसत नाई का?" तिनं विचारलं.

"थोडं दिसते म्हनतेत. उजेडात."

"मंग तिले सांगजो," वच्छला म्हणाली, "दिसते असं त्याले सांगू नोको म्हनाव."

देवलाला वाटलं, सवतीच्या रागानं बोलून राहिली. ती हसली आणि बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन निघाली. पोरं जेवायला येऊन बसली होती. वच्छलानं हात धुतले आणि वाढायला घेतलं.