उशीला सांगून झोपणारी आत्या

सकाळी साडेआठला आतेभावाचा, संदेशचा फोन आला. म्हणाला, "आई उठली नाही रे..." बस, एवढंच. आमच्या घराण्यात हे वाक्य कधी कुणी ऐकलं नव्हतं. सगळं जग झोपून राहील पण आत्या उठणार, याची आम्हाला खात्री होती. त्याला आता महिना होत आला.

आत्याचं मालाडला दूध केंद्र होतं. यजमानांची गिरणी बंद पडल्यावर तिने ते चालवायला घेतलं आणि सव्वीस वर्षं रोज पहाटे साडेतीनला उठली. केंद्र सोडल्यावरही ती वेळ सुटली नाही. घरात गजराचं घड्याळ नव्हतं. पाहुणे असोत की टीव्हीवर मॅच, रात्री आठला ती आडवी व्हायची. त्याआधी उशीवर तीन थापा मारायची आणि शेजारणीला सांगावं तसं तिला मालवणीत सांगायची, "साडेतीनाक उठय गो बाय." मिनिटभरात घोरायला सुरुवात. एकदा झोपेच्या भरात तिने चुकून अडीच सांगितले आणि खरोखरच तासभर आधी केंद्रावर जाऊन बसली. वर म्हणाली, उशीचा काही दोष नाही, मीच चुकीचं सांगितलं. कॉलेजची दोन वर्षं मी तिच्याकडे राहिलो. परीक्षा आली की ती माझ्याही उशीला पाचची वेळ सांगून ठेवायची. पाचला मी उठायचो हे खरं, पण उशीमुळे नव्हे. दुधाच्या पिशव्यांनी गारठलेला हात केंद्रावरून येऊन आत्याच माझ्या पायाला लावायची. विचारलं की साफ नाकबूल.

दोन वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका हॉस्पिटलात तिचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. कापाकापीची तिला भीती नव्हती. भूल देऊन झोपवणार, याची होती. दुसऱ्याने झोपवल्यावर उठवणार कोण? घरची उशी तिने वॉर्डात आणली होती, पण ती काही आत नेऊ देईनात. संदेश रक्ताच्या धावपळीत होता. स्ट्रेचरवरून तिने माझा हात घट्ट धरला. "बारा वाजता उठय म्हणान सांग तिका. इसरा नको." मी हो म्हणालो आणि वॉर्डात गेलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे चार नातेवाईक माझ्याकडेच बघत होते. बँकेत मॅनेजर असलेला पन्नाशीचा माणूस उशीशी बोलणार कसा? मी अभ्रा सारखा केला आणि परत आलो.

बारा वाजले, दोन वाजले. ऑपरेशन झालं होतं, पण आत्या शुद्धीवर येत नव्हती. वयामुळे वेळ लागतो, असं डॉक्टर सांगत होते. मला ते पटत होतं आणि तरीही मी सारखा घड्याळ बघत होतो. चारला तिने डोळे उघडले, मला बघून हसली. "सांगलंस मा?" मी मान हलवली... हो म्हणून.

ते खोटं मी दोन वर्षं मनात ठेवून होतो. कारण ऑपरेशननंतर आत्या सात-साडेसातपर्यंत झोपू लागली. थापा नाहीत, सांगणं नाही. मला वाटायचं, माझ्यामुळे तिचा उशीवरचा विश्वास उडाला. दर भेटीत कबूल करायचं ठरवायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

तेराव्याला संदेशच्या बायकोने, सुप्रियाने, आत्याची उशी माझ्या हातात ठेवली. मग मात्र राहवेना, तिला सगळं सांगून टाकलं. ती हसायलाच लागली. आत्याला सारं ठाऊक होतं. हॉस्पिटलातून घरी आली त्याच दिवशी ती सुप्रियाला म्हणाली होती, "तेना सांगल्यानच नाय. तोंड बघूनच कळला. लाजलो असतलो मेलो. पण कोणी सांगल्याशिवाय मी उठलंय मा? मगे आता त्या उशीक कित्याक त्रास?"

आणि दुसऱ्या दिवशी म्हणे ती सातला उठली, खिडकीतल्या उन्हात बसून चहा प्यायली आणि ऊन वर आल्यावर उठण्यात काय मजा असते ते अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटली. मी ज्याला तिचं मोडणं समजत होतो, ती तिची सुट्टी होती.

उशी आता माझ्याकडे आहे. पहिल्या रात्री काही न बोलता तिच्यावर डोकं टेकलं आणि गाढ झोपलो. बँकेत पोचायला पाऊण तास उशीर झाला. साहेब, आज उशीर कसा, असं सगळ्यांदेखत शिपायाने विचारलं. ट्रॅफिकचं कारण ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, "आत्याच्या उशीला उठवायला सांगितलं नव्हतं."