चार पानांत न गायलेली बाई

ज्या बाईचं एकही गाणं तुम्ही ऐकलेलं नाही, तिच्या गाण्यासाठी तुम्ही लढाल का? मी लढले. चार पानं लढले.

बाई मँचेस्टरला माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय पंच्याहत्तर. तरुणपणी त्या ब्राझीलमध्ये, रिओत सांबा गायच्या. दोन रेकॉर्ड निघाल्या. एकीवर फोटो भलत्याच बाईचा होता. मग मुलीमागोमाग इथे आल्या, शाळांमध्ये साफसफाई केली आणि वीस वर्षं दर रविवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये बायकांना गाणी शिकवली. त्यांतली बहुतेक कुठे लिहिलेली नाहीत. यंदा कौन्सिलने हॉल रविवारी बंद ठेवायचं ठरवलं. हरकत असल्यास बैठकीत दहा मिनिटं मिळतील, असं पत्र आलं.

मी पत्रकांवर वाढले. पुण्यात आमच्या घरी पाहुण्यांना चहाच्या आधी पत्रक मिळायचं. त्यामुळे दोन दिवसांत मी बाईंवर पत्रक काढलं: वसाहतवाद, वंशभेद, घरभाडी, कौन्सिलची कपात. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. मुद्देसूद आहे म्हणाले.

बाईंनी चष्मा लावून चारही पानं वाचली.

“छान आहे. यात मी गाते कुठे?”

दुसऱ्या पानावर ‘सांस्कृतिक श्रम’ असा उल्लेख आहे, असं मी सांगितलं.

“कोणत्या तालात?”

दोन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होते आणि एकाही रविवारी हॉलवर गेले नव्हते. रविवारी मी पत्रकं वाटते.

मग त्यांनी रिओतल्या त्यांच्या वस्तीतली रीत सांगितली. नवं गाणं आधी बायकांपुढे म्हणायचं. बायकांनी ओळ उचलली तर गाणं राहिलं. नाही उचलली, तर गाणाऱ्याने मुकाट घरी जायचं, मग नाव कितीही मोठं असो. त्या स्वतः तीनदा घरी गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी मी गेले. मला मागच्या रांगेत उभं केलं. त्यांचा आवाज जाडसर आहे. तालाच्या अर्धं पाऊल मागून निघतो आणि तरी वेळेवर पोचतो. ओळ उचलायची आमची पाळी आली. एका ओळीनंतर त्या थांबल्या.

“पोरी, तू मागणी करतेयस. इथे नुसतं उत्तर द्यायचं.”

कौन्सिलच्या बैठकीत मी पत्रकं वाटली आणि बाई नऊ मिनिटं गायल्या. अध्यक्ष घड्याळ पाहत होते. तिसऱ्या कडव्याला इतिवृत्त लिहिणारी क्लार्क हळूच ओळ म्हणू लागली, आणि लक्षात आल्यावर पुन्हा लिहू लागली. निर्णय झाला: ख्रिसमसपर्यंत मुदत, दर रविवारी वीस जण हजर राहिले तरच. पत्रकं खुर्च्यांवर राहिली होती, ती मी गोळा केली.

आम्ही सतरा आहोत. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. बाईंना चाळीसेक गाणी पाठ आहेत. मी सात शिकले, त्यांतली दोन त्यांना मान्य आहेत. ओळ उचलायला कोणी उरलं नाही तर त्या गाणी घेऊन घरी जातील, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे ते योग्यच ठरेल. मला ते मंजूर नाही.

म्हणून मँचेस्टरमध्ये किंवा आसपास असाल तर मला पत्ता विचारा आणि रविवारी दोन वाजता हॉलवर या. आवाज बरा नसला तरी चालेल, पोर्तुगीज येत नसली तरी चालेल. पहिली ओळ त्या म्हणतील. दुसरी तुम्ही म्हणा.