शिवणीच्या आतलं कापड

माझे मामा शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल आणि भिंतीला टेकून काजं करत बसलेली मामी. मामांची एक खोड होती. प्रत्येक शिवणीच्या आत ते भरपूर माया ठेवायचे, म्हणजे जादा कापड. माणूस सुटला तर कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून. ‘मास्तर, तुमच्या पँटमध्ये आणखी एक पँट लपलेली असते,’ असं गिऱ्हाइकं चिडवायची. आज ना उद्या सुटशीलच, असं मामा म्हणायचे, आणि तो सुटायचाच.

मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. सर्जनने अख्खी ग्रंथी काढली आणि मामी भेटेल त्याला सांगत सुटली की, कीड मुळासकट गेली. काढलेली ग्रंथी अजून तपासणीत होती, पण मामीपुढे ते बोलायची माझी काय बिशाद!

रिपोर्टच्या दिवशी तिच्या गुडघ्यांचं निमित्त काढून मामांनी मला बरोबर नेलं. सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं. ग्रंथीच्या कडांना शाई लावतात, मग पातळ काप करून बघतात. कॅन्सर शाईपासून लांब असला तर बरं. मामांचा थेट शाईला भिडला होता.

“म्हणजे माया कमी पडली,” मामा म्हणाले. “आणखी बोटभर कापा ना डॉक्टर. माझी तयारी आहे.”

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. सर्जन म्हणाला, तिथे बोटभर जागाच नसते, एकीकडे मूत्राशय, दुसरीकडे आतडं. नुसती कड असती तर किरणं देऊन कदाचित निभावलंही असतं. पण शेजारच्या वीर्यकोशात आणि ग्रंथीबरोबर काढलेल्या लसिकागाठींतही कॅन्सरच्या पेशी सापडल्या होत्या, आणि त्यांची जात आडदांड होती. औषधांनी काही काळ दबून राहील, पण परत येण्याचीच शक्यता जास्त.

मामांनी चित्रावर बोट ठेवलं. “म्हणजे डाग नुसत्या तुकड्याला नाही. ताग्यालाच आहे.”

सर्जनने नुसती मान हलवली. मला त्याचा भयंकर राग आला. त्याने काय बोलायला हवं होतं, ते मात्र मलाही सांगता आलं नसतं.

वाटेत मामांनी बजावलं, मामीला यातलं काही कळता कामा नये. दारातच तिने विचारलं, तेव्हा ते सगळं ठीक आहे म्हणाले आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. मला तिच्याकडे बघवेना.

ऑपरेशननंतर मामा खंगले होते, पँट कमरेवर ठरत नव्हती. संध्याकाळी त्यांनी ती उसवून आवळली. अंग भरलं की पुन्हा सैल करू, असं मामी काजं करता करता म्हणाली. मामा हो म्हणाले. मग त्यांनी कात्री घेतली आणि शिवणीच्या आतलं सगळं जादा कापड कापून टाकलं. उभ्या जन्मात त्यांनी हे कुणाच्या कपड्याला केलं नव्हतं. आपण काय करतोय हे त्यांच्याही ध्यानात आलं नसावं.

मामीने खाली पडलेली पट्टी उचलली.

“अहो, हे का कापलंत?”

मामांनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं. मामीने पुन्हा विचारलं नाही. ती पट्टी मुठीत धरून ती तिथेच रडायला लागली.